करून कोण राहिलं?

समोरचा माणूस बोलू लागला की काका मान जराशी डावीकडे झुकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत तसेच उभे राहायचे. मग डोळे न उघडताच विचारायचे, "ते ठीक आहे. पण करून कोण राहिलं?"

म्हणजे, प्रत्यक्षात करतंय कोण? सरकारी कचेऱ्यांतली ती वाक्यं तुम्हीसुद्धा ऐकली असतील. कार्यवाही करण्यात येत आहे. प्रस्ताव सादर करण्यात आला आहे. निधी उपलब्ध होताच काम हाती घेण्यात येईल. आपण ती ऐकतो, मान हलवतो आणि घरी येतो. मी मराठी शिकवते, तरी मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. काका एकदा म्हणाले, "मॅडम, तुमच्या व्याकरणात कर्ता असते ना? सरकारी कागदात तो कायमचा सुटीवर असते."

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे आमची सरकारी शाळा आहे. फाटकासमोरच्या घरात काका-काकू राहायचे. काका तुरुंग खात्यातून निवृत्त झाले होते. वर्दी कधीच गेली होती, पण दूध आणायला निघतानासुद्धा त्यांच्या बुटांना पॉलिश असायचं. मोहल्ल्यातली मुलं त्यांना जेलरबाबा म्हणायची. आया मुलांना धाक घालायच्या, "थांब, जेलरबाबाले सांगते." पण मुलं त्यांना भीत नव्हती. मधल्या सुट्टीत फाटकाच्या गजांना लटकून ती त्यांना तुरुंगाविषयी काय वाटेल ते विचारायची. कैदी रडतात का? त्यांना पोळी मिळते का? काका प्रत्येकाला खरं उत्तर द्यायचे. रडतात. मिळते. काही गोड गोष्टी रचून सांगणं त्यांना जमायचं नाही.

एकदा एका मुलीने विचारलं, "तिथं पंखा असते का?"

"असते."

"चालते?"

"चालते."

मुलगी वर्गात गेली. आमच्या शाळेतले बहुतेक पंखे तेव्हा बंद होते. काका फाटकाशीच होते. मी जवळून गेले तेव्हा म्हणाले, "कैद्याचा पंखा बंद पडला तर आम्हाले कोर्टात उत्तर द्यावं लागे. अन् द्यावंच पायजे, माणूस कोंडून ठेवला आपण. पण मॅडम, लेकरं बी तर आपणच बसवून ठेवतो दिवसभर. यायच्या पंख्याचं उत्तर कोण देते?"

आमची खरी ओळख त्या दिवसापासूनची. त्याआधी नुसता नमस्कार-चमत्कार होता.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका वर्गाच्या छताचा गिलावा कोसळला. मुलं बाहेर डबे खात होती म्हणून वाचली. शेजारच्या खोलीच्या छतालाही तडे होते. दोन्ही खोल्या धोकादायक म्हणून कुलूपबंद झाल्या आणि ते वर्ग व्हरांड्यात भरू लागले. मुख्याध्यापक निवृत्त झालेले होते, नवे आले नव्हते, प्रभार माझ्याकडे होता. मी कळवत राहिले, उत्तरं येत राहिली. दुरुस्ती विचाराधीन होती. मग हळूहळू एक वेगळीच कुणकुण कानावर येऊ लागली. दुरुस्तीवर पैसा घालवण्यापेक्षा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मुलं सामावून घ्यावीत म्हणे. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक धावतात. मुलींच्या आया मला येऊन सरळ सांगून गेल्या, "तिकडं गेली शाळा तर आम्ही नाही पाठवत, मॅडम." त्यांचा राग माझ्यावर नव्हता. त्या फक्त कळवत होत्या. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते बूट घालूनच आले. म्हणाले, "मी रिकामाच आहे. येऊ का संगं?"

त्यांच्यासोबत कार्यालयात जाणं म्हणजे एक शिक्षणच होतं. बाबू म्हणायचा, फाइल वर गेली आहे. काका विचारायचे, वर म्हणजे कोणापाशी? साहेबांकडे. साहेबांचं नाव काय? नाव कळलं की ते इतक्या मनापासून आभार मानायचे, जणू त्या माणसाने घरचं काही काढून दिलं. मग जिना चढून त्या साहेबांपुढे हात जोडायचे. "खाली समजलं की आमच्या शाळेचं काम तुम्ही करून राहिले. लय बरं वाटलं ऐकून." साहेब गोंधळायचे. नाही म्हणावं तर पंचाईत, हो म्हणावं तर काम करायची पाळी. शेवटी ते फाइल मागवायचे, आणि मग ती आणखी कोणाकडे तरी असायची. आम्ही पुन्हा निघायचो.

काकांचा आवाज कधी चढला नाही. माझा एकदा चढला. शिक्षण आणि बांधकाम या दोन विभागांनी आमचा चेंडू करून टाकला होता. एका टेबलाशी मी असं काही बोलले की सगळी खोली बघू लागली. बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून काका थांबले. त्यांना दम लागत असे. "तो माणूस वाईट नाही," ते म्हणाले. "त्याले आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. विचारायची सवय आपल्याले लागली, म्हणजे सांगायची त्याले लागन."

हे त्यांच्यात आलं कुठून, हे मला काकूंनी सांगितलं. मी निरोप द्यायला गेले होते, काका बाजारात गेले होते. काकू कूलरच्या जाळ्या धुऊन वाळत घालत होत्या. हात पुसत बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या.

काका तेव्हा विदर्भातल्याच एका लहान तुरुंगात होते. तिथे एक म्हातारा कच्चा कैदी होता, खटला अजून उभाही राहिला नव्हता. एका सकाळी त्याच्या छातीत दुखू लागलं. कैद्याला दवाखान्यात न्यायचं तर सोबत पोलीस लागतात. पोलीस मागवले गेले, ते आले नाहीत. दुपारी तो माणूस गेला. चौकशी लागली. सगळ्यांची निवेदनं एकाच सुरात तयार झाली. गार्डची मागणी करण्यात आली होती, गार्ड उपलब्ध होऊ शकला नाही. कोणी मागितला, कोणी दिला नाही, कोण वाट पाहत बसलं, हे कुठेच नव्हतं. काकांचंही तसंच निवेदन तयार होतं, फक्त वाचून सही करायची होती.

चौकशीच्या खोलीबाहेर त्या म्हाताऱ्याची बायको बसली होती. प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होती, मी कोणाले विचारू? काका तिच्यासमोरून आत गेले आणि त्यांनी सही केली नाही. त्यांनी तोंडी सांगितलं की ड्युटीवर मी होतो. मी एकदा फोन केला. समोर अमक्यांनी उचलला, पाहतो म्हणाले. मी पुन्हा केला नाही. वरिष्ठांना कळवलं, ते जेवायला गेले होते. गाडी आवारात उभी होती.

"आपलं नाव घेतलं, संगं दुसऱ्याचं बी घेतलं," काकू म्हणाल्या. "मंग काय होणार वं? यायची बढती गेली ते गेलीच. बदली अशा गावी झाली की एसटी बी दिवसातून एकच. मी लय भांडली तवा. दोन पोरी लग्नाच्या होत्या."

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"ते बाहेर आले तशी ती यायच्यापुढं येऊन उभी झाली. यायले वाटलं, आता ही थोबाडीत देते. ती म्हणे, 'आता मले समजलं.' एवढंच बोलली अन् गेली." काकूंनी जाळी उलटवून उन्हाकडे केली. "पण एक झालं. त्या जेलात मंग आजारी माणसाले थांबावं नाही लागलं. गाडी अन् गार्ड ठेवू लागले. तिथला एक शिपाई अजून फोन करते दिवाळीले, तो सांगे."

काका परत आले तेव्हा आम्ही दोघी चिवड्याविषयी बोलत होतो.

एप्रिलमध्ये आम्ही पालकसभा बोलावली, आणि काकांच्या सल्ल्याने अधिकाऱ्यांनाही बोलावलं. कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. एक बाई आल्या. वयाने तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या. आम्ही त्यांना मुलं जिथे बसतात तिथेच, व्हरांड्यात बसवलं. सकाळ होती तरी झळा लागत होत्या. त्यांनी पर्समधून कागद काढून वाचला. दुरुस्तीचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात आला असून मंजुरीअंती पुढील कार्यवाही करण्यात येईल.

काका खांबाला टेकून उभे होते. मान डावीकडे झुकली, डोळे मिटले. मी आता ते विचारतील म्हणून वाट पाहू लागले. ते बोलले नाहीत. बोलली ती चौथीतल्या एका मुलीची आई. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवणारी बाई, सभेत कधी तोंड न उघडणारी. पदर सावरत बसल्या जागेवरून म्हणाली, "ते समजलं, मॅडम. पण करून कोण राहिलं?"

कोणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी कागदाकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. मग कागदाची घडी घातली.

"मी," त्या म्हणाल्या. "मी करते आहे. पुढच्या सभेला मी येईन. काम झालं नसेल, तर का झालं नाही तेही मीच सांगेन."

काका डोळे उघडून पुढे आले आणि आपल्या मुलीच्या वयाच्या त्या अधिकारी बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. बाईंना अवघडल्यासारखं झालं. काका म्हणाले, "राहू द्या. 'मी' म्हणणारा माणूस सरकारात सापडला की नमस्कार करावा."

पुढच्या सभेला त्या खरंच आल्या. काम झालेलं नव्हतं. का झालं नाही, ते त्यांनी नावानिशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. त्याच्या पुढच्या सभेलाही आल्या. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री आले, स्लॅबसाठी सेंटरिंगच्या फळ्या आल्या, दोन्ही खोल्या नव्याने उभ्या राहू लागल्या, आणि शाळा रस्त्यापलीकडे न्यायचं बोलणं आपोआप बंद झालं. माझ्या विद्यार्थिनी शाळेतच राहिल्या. त्या अधिकारी बाईंचे आभार मी त्याच दिवशी मानले. काकांचे मानायला गेले तर ते म्हणाले, मी काय केलं, मी तर खांबाला टेकून होतो.

ते खरं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकच खोटी गोष्ट. त्यांनी मला काय दिलं ते मला रोज दिसतं. शाळेचा अहवाल लिहिताना पेन थांबतो. 'वृक्षारोपण करण्यात आले' असं लिहून होतं आणि मी ते खोडते. सातवीच्या मुलांनी झाडं लावली, पाणी घालायचं माझ्याकडून राहिलं, तीन मेली. असं लिहिलं की लाज वाटते, पण पुढच्या वर्षी झाडं जगतात. फॉल-पिकोवाल्या ताई आता शाळा समितीवर आहेत. रेशनच्या दुकानापासून पाणीपट्टीपर्यंत त्या तोच प्रश्न विचारत फिरतात, आणि मोहल्ल्यात त्यांना उत्तर मिळतं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. धंतोलीच्या एका दवाखान्यात थोडे दिवस होते, मग नाही. काकू थोरल्या मुलीकडे हुडकेश्वरला राहायला गेल्या. समोरच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत, चांगली माणसं आहेत. तरी मधल्या सुट्टीत मुलं फाटकाशी जातात आणि काही न विचारता परत येतात.

मला त्यांचा शेवटचा आठवतो तो प्रसंग नव्या खोल्या उघडल्या त्या आठवड्यातला. फीत कापायच्या दिवशी ते आलेच नव्हते. नंतर एका दुपारी सहज आले, खोली पाहू का म्हणाले. तिसरीचा वर्ग भरला होता. ते मागच्या एका बाकावर, गुडघे छातीशी येतील असे बसले. भिंतीला हात लावून पाहिला, छताकडे पाहिलं. मुलं पाढे म्हणत होती. मी बाहेर काही कामात गुंतले, आणि थोड्या वेळाने मला वर्गातून आवाज येईनासा झाला म्हणून दाराशी गेले.

काका झोपले होते. डोकं नव्या भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. आणि सगळा वर्ग, मागे वळून वळून त्यांच्याकडे पाहत, बाराचा पाढा कुजबुजत म्हणत होता. घंटेची वेळ झाली होती. शिपाईमावशींना मी खूण केली, जरा थांबा.