मायच्या ओट्याचा दगड

मी शहरातल्या कॉलेजात भूशास्त्र शिकवते. दगडाला वळ्या कशा पडतात हा धडा दर वर्षी घेते आणि दर वर्षी फळ्यावर चित्र काढूनच भागवते. आमच्या भागात दाखवायला तसा दगडच नाही. खुलताबादचा घाट चढा, नाहीतर आमच्या बिडकीनच्या विहिरीत डोकावा, काळ्या पाषाणाचे थर मुकाट आडवे पडलेले. लाव्हा आला, निवला, बसला. पुढं त्याला कुणी रेटलंच नाही.

बिडकीनला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवं घर बांधलं. नकाशा, रंग, दारं, सगळं त्यांनीच ठरवलं. मायला कुणी विचारलं नाही. तिनं जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापल्या, आता गुडघे उठू देईनात, म्हणून नव्या घरात उभ्यानं सैपाक करायचा ओटा होणार होता. "वट्याचा दगड मातर म्या निवडणार," एवढंच तिनं बजावलं होतं.

चितेगावच्या फरशीच्या दुकानात तिनं एका दगडावर बोट ठेवलं. करडा, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, आणि मधोमध ते पट्टे वळून माघारी फिरलेले. अगं बाई! मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली वळी तिथं भिंतीला टेकून उभी होती.

"तडकलेला हाय त्यो," आबा म्हणाले.

"चाचा, ये डिझाइन है," दुकानदार म्हणाला.

"डिझाइन तुझ्या घरी लाव. पोरी, म्या विहिरी खांदल्यात. दगड फुटतो, वाकत नाय."

मी सांगू लागले. हा दक्षिणेकडचा दगड, आपल्या पाषाणाहून कितीतरी जुना. जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, डोंगर उठले. त्या डोंगरांच्या बुडाशी, लई खोल, हा दगड तापला, दबला. वितळला नाही, पण हळूहळू वाहत गेला आणि वाकला. वरचे डोंगर झिजून गेले तेव्हा कुठं उजेडात आला.

"लोहार फाळ तापवतो तसा? मग घण कुणी मारला?"

"घण मारला असता तर फुटलाच असता, आबा. हा नुसता रेटा. करोडो वर्षांचा."

तेवढ्यात माय पुढं झाली. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं तिनं बोटांच्या पेरांनी त्या वळणावरून दगड वाजवत नेला. कुठंही बद्द आवाज आला नाही. "बरं, घ्या," आबा म्हणाले. इतक्या लवकर ऐकणारा हा माणूस नव्हे. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली होती.

दगड बसवायच्या दिवशी मिस्त्रीनं खडूनं बेसिनचा चौकोन आखला, तो नेमका त्या वळणावर. मशीन चालू होणार तेवढ्यात माय आत आली.

"हितं काय?"

"आबा म्हणले, बेसिन इथंच काप."

"कच्ची जागा हाय ती," आबा म्हणाले. "कापून काढली की बाकीचा टिकंल. उद्या गरम पातेलं ठिवशील अन् तुटून तुझ्याच पायावर पडंल."

त्यांना खरंच भीती वाटत होती. पण मायचे डोळे भरून आले. "अवं, सबंध घरात एक गोष्ट मागितली म्या. अन् तिच्यातलं तेवढंच कापायलात?" मला तर रडूच आलं. संतापही आला.

मायनं नाक पुसलं, त्याच पदरानं खडूचा चौकोन पुसला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बोट लावलं. "बेसिन तिकडं."

"अगं, तिकडं पाइप नाय!"

"मंग वाकवा पाइप. एवढा दगड वाकतो म्हणं, पाइपाला काय धाड भरली?"

मिस्त्री खाली बघून हसला. आबांनी चपला घातल्या आणि पाइप वळवायला लागणारे एल्बो आणायला चौकात गेले.