चढाईचा वाद

बोर्लीच्या बाजारात मी एकाच कोळणीकडून मासे घेतो. तिच्यापाशी कबड्डीचा विषय निघाला की मासे बाजूला राहतात. तिची मुलगी आणि शेजारच्या गावची एक मुलगी, दोघी यंदाच आपापल्या गावच्या संघात आलेल्या. चढाईत सरस कोण, यावर गिऱ्हाइकं भांडायची.

"माझीच! तिच्यावानी चपळ कोन न्हाय," ती सुरी उगारूनच सांगायची.

अंतिम सामन्यात त्या दुसरीनं शेवटच्या चढाईत हिच्याच मुलीला बाद केलं आणि सामना जिंकला. ही तरातरा मैदानात शिरली. आम्ही धास्तावलो. तिनं आपल्या अंबाड्यावरची वेणी काढून त्या मुलीच्या केसांत माळली.

"माझ्या पोरीला शिवून परत गेलीस," ती म्हणाली, "तू साधी न्हाय गो!"