अप्पांच्या माशांचं पाणी

माझं लग्न दोन माशांवर अडकलं होतं.

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. सुमनला पाहून आलो होतो, ती मला फार आवडली होती, पण तिच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, होकार यायचा होता. मोठ्या मुलीच्या बाळंतपणासाठी ते सगळे नागपूरला निघाले होते. परत आल्यावर काय ते कळवतो, असं त्यांनी आईला सांगितलं. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र ते टांग्यातून आमच्या दारात उतरले, ते काचेची एक पेटी पोटाशी धरून. पेटीत दोन सोनेरी मासे.

"जिवंत गोष्ट माणूस कशी सांभाळतो, त्यावरून माणूस कळतो," अप्पा म्हणाले. "खाणं चिमूटभर घाला. आणि पाण्याकडे लक्ष असू द्या."

पाणी किती दिवसांनी बदलायचं, हे मी विचारलं नाही. शास्त्राच्या मास्तराने असलं विचारायचं? (विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.) शाळेच्या पुस्तकात माशाचे कल्ले होते, आकृतीसकट होते, पाण्याचं काही नव्हतं. शेवटी मी ठरवलं, रोज बदलायचं. स्वच्छतेने कुणाचं वाईट होतंय!

रोज सकाळी मी विहिरीचं पाणी शेंदायचो, मासे तांब्यात काढायचो, पेटी लख्ख घासायचो आणि मगच शाळेत जायचो. आठवडाभरात माशांची लक्षणं बिघडली. एक जण कोपऱ्यात तोंड करून बसायला लागला, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. दुसरा तिरका पोहायला लागला. मला वाटलं, माझी स्वच्छता कमी पडतेय. मी आणखी जोराने घासू लागलो. जेवण जाईना. उष्णतेचा धडा शिकवताना फळ्यावर मथळा लिहिला, तर मुलं हसायला लागली. वळून पाहिलं, मी 'अप्पा' असं लिहिलं होतं.

आमच्या शाकाहारी घरात मासे आल्याची बातमी एव्हाना आळीभर झाली होती. बाजारात निघालेली एक कोळीण मुद्दाम ओट्याशी थांबली. मी तिला जवळजवळ ओढतच पेटीपाशी नेलं आणि पाणी कधी बदलू ते विचारलं. तिने बराच वेळ वाकून पाहिलं.

"मास्तर, आमच्या पाटीत येतं तवा म्हावरं मेलेलंच असतं," ती म्हणाली. "जित्याचं आमाला काय ठावं नाय."

जाताना तिने त्या तिरक्या माशाकडे असं काही पाहिलं, की मी पेटीसमोर आडवा उभा राहिलो.

त्या दिवशी शाळेत लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत मी डोकं दुखतंय असं सांगून घरी आलो. (दुखत होतंच.) स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर मासे आमटीच्या पातेल्यात, आणि आई स्टोव्हपाशी उभी राहून पाण्यात बोट घालून बघतेय.

"आई, हे काय?"

"कोमट करतेय," आई म्हणाली. "एवढ्या थंडीत गार पाणी सोसेल का त्यांना? तुला कुठलं सुचायला. मी रोज दुपारी बदलते."

मी आधी स्टोव्ह विझवला. तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने आली आणि माझा चेहरा पाहून घाबरली. भाऊजींना शाळेमुळे जमत नसेल, म्हणून ती रोज संध्याकाळी, कुणाला न सांगता, नळाचं पाणी भरत होती. नळाच्या पाण्याला त्या दिवसांत जंतुनाशक पावडरीचा असा वास यायचा, की आम्हीसुद्धा ते नाक धरून प्यायचो. म्हणजे त्या दोन जिवांना सकाळी गार, दुपारी कोमट आणि संध्याकाळी औषधी, असे तीन ऋतू आम्ही रोज दाखवत होतो!

मी जाहीर केलं, की यापुढे पेटीला कुणीही हात लावायचा नाही. आई म्हणाली, पण घाण होईल. होऊ दे, मी म्हणालो. आणि झालीच. पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवं, मग इतकं हिरवं की मासे दिसेनासे झाले. बदलावं तर मरतील, न बदलावं तर आधीच मेलेत की काय, कोण जाणे. मी खाणं टाकलं तरी कुणी वर यायचं नाही, म्हणून मी काचेला कान लावून बसायचो. काय ऐकू येणार होतं, देव जाणे.

अशाच एका रविवारी नागपूरहून परतलेले अप्पा न कळवता आले. पेटीसमोर उभे राहिले. आई, वहिनी आणि मी मागे रांगेत.

"पाणी किती दिवसांनी बदललंत?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "आधी दिवसातून तीनदा. मग एकदाही नाही."

अप्पांनी पाण्यात चिमूटभर खाणं टाकलं. हिरव्या पाण्यातून दोन सोनेरी तोंडं वर आली. चांगली गुबगुबीत, सरळ पोहणारी.

अप्पा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. बोटांवर मोजून म्हणाले, "सरासरी बरोबर येते." आणि आईकडे वळून त्यांनी मुहूर्ताचं विचारलं.

अप्पा मासे घेऊन गेले खरे, पण लग्नानंतर ते सुमनबरोबर परत आमच्याच घरी आले. ती दर आठवड्याला थोडं पाणी काढते, थोडं नवं घालते. एवढंच करायचं असतं म्हणे. मासे माणसं ओळखतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. कारण ती जवळ गेली की दोघे नाचत वर येतात, आणि मी गेलो की शेवाळाच्या मागे लपतात.