कोंबडा आरवेपर्यंत

माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी भुतं त्यांच्या चांगल्या ओळखीची आहेत.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. रत्नागिरी-कोल्हापूर ही त्यांची लाइन. कोल्हापूरला वस्ती असायची आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी. मधली सकाळ घालवायला ते टॉकीजमध्ये जाऊन बसत. सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर असे. तिकीट स्वस्त, डोक्यावर पंखा, आणि डुलकी लागली तरी कुणी उठवत नाही, एवढंच खरं तर त्यामागचं आकर्षण. पण विलायतेतल्या एका स्टुडिओचे भुतांचे पिक्चर लागले की त्यांची झोप उडायची. धुकं, घोडागाडी, डोंगरावरचा दगडी किल्ला, काळ्या झग्यातला उंच माणूस आणि भडक लाल रक्त. हे पिक्चर कोल्हापूरला यायचे तोपर्यंत जुने झालेले असत, पडद्यावर रेघा ओढलेल्या असत. अण्णांना त्याचं काही नव्हतं. घरी आले की ते ओटीवर बसून ती गोष्ट आम्हाला सांगत, आणि आई स्वयंपाकघरातून ऐकते आहे हे त्यांना माहीत असे.

संवादातला एक शब्द कळत नसताना माणूस गोष्ट कशी सांगतो? अण्णांना ती अडचण कधी आलीच नाही. डोंगरावर मोठं घर, पायथ्याला गाव. दिवस मावळला की गावकरी दारं लावून घेतात आणि वरच्या मालकाचं नाव काढलं की गप्प होतात. अण्णांना एवढं पुरेसं होतं. तो माणूस म्हणजे खोत. माझे पणजोबा खोताचं कूळ होते, शेतात पिकलेला निम्मा दाणा वर पोचवणारे. खोत कुळाचं रक्त पितो, हे आमच्या गावात कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. त्याच्या मागावर बॅग घेऊन येणारा हडकुळा गृहस्थ हा मुंबईचा डॉक्टर. बाकी गोष्ट आपोआप उलगडायची.

तिचा शेवट कायम एकच. खोत कुणाच्या तरी मानेवर वाकलेला असायचा, डॉक्टर दारात पोचलेला असायचा, आम्ही भावंडं एकमेकांना घट्ट धरून बसलेली असायचो. अण्णा क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, “आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. खलास.” कोंबडा आरवला की भूत संपतं, हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकून झोपायला जायचो.

गेल्या जुलैमध्ये अण्णा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे बहारीनला आले. झिंजमध्ये आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, त्यामुळे त्यांचं जग खालच्या कोल्ड स्टोअरपर्यंतच, म्हणजे किराणा दुकानापर्यंत. तिथल्या मल्याळी दुकानदाराशी हिंदीत गप्पा मारायच्या आणि लबानची बाटली घेऊन वर यायचं. लबान म्हणजे ताकच, पण जरा घट्ट, असं ते मला रोज नव्याने सांगत. इथे सगळे ऊठसूट खलास म्हणतात याचं त्यांना कौतुक. अरबांनी हा शब्द आपल्याकडून नेला, असं त्यांचं ठाम मत. मी वाद घातला नाही. माझा त्यांच्याशी वाद घालण्याइतका संबंधच उरला नव्हता.

हे सरळ सांगून टाकते. त्याच्या दोन वर्षं आधी, ऐन मे महिन्यात आई गेली. मी ऑफिसात होते तेव्हा अण्णांचा फोन आला. मी एकच वाक्य बोलले, “मी येईपर्यंत थांबा.” ते म्हणाले, “बरं.” संध्याकाळचं विमान, मुंबईपासून रात्रभर गाडी, आणि सकाळी मी अंगणात उतरले तर अंगण धुतलेलं होतं. आदल्या संध्याकाळीच सगळं उरकलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. कुणी काही समजावलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी आईचं शेवटचं तोंड पाहिलं नाही. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक लेकीच्या मनात ही भीती असते, माझ्या बाबतीत ती खरी झाली आणि माझ्या बापानेच ती खरी केली, असं माझ्या मनाने घेतलं. तेव्हापासून अढी बसली ती बसलीच. तिकिटं काढली, गोळ्या पाठवल्या, दर शुक्रवारी फोन केला. कर्तव्यात कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही, आणि जीव मात्र लावला नाही.

आता ते माझ्या घरात होते, माझ्या सोफ्यावर आडवे झालेले. गणपतीला त्यांना घरी जायचं होतं, आणि त्यानंतर पितृपक्षात आईची अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. “ती नवमी माझ्या हातून चुकायची नाय,” असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं. म्हणजे माझ्या हातात उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते दिवस होते. त्या दिवसांत मला त्यांना एकच विचारायचं होतं, की तुम्ही बरं म्हणालात आणि थांबला का नाहीत? रोज सकाळी चहा ठेवताना प्रश्न ओठांवर यायचा आणि चहाबरोबर आत जायचा.

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. आजोबा आणि नात दोघंही एकमेकांकडे पाहून गोड हसत आणि आपापल्या खोलीत जात. एका शुक्रवारी दुपारी नवरा शिफ्टवर होता. टीव्हीवर ऊन येतं म्हणून मुलीने पडदे ओढले आणि कुठला तरी जुना पिक्चर लावला. मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणे, इतका वाईट आहे की बघायला मजा येते. जंगलातून घोडागाडी धावायला लागली. सोफ्यावर झोपलेले अण्णा उठून बसले.

“खोत!” ते म्हणाले.

“आजोबा, ही इज नॉट अ खोत. ही इज अ काउंट.”

“तोच तो. कुळांना इचार.”

त्यानंतर काय झालं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पडद्यावर खानावळीत जमलेले गावकरी त्या पाहुण्याला वर जाऊ नकोस म्हणून विनवत होते आणि अण्णा त्यांचे संवाद म्हणत होते. “अरे, नको जाव वर, माझा चुलता गेला तो परत आला नाय.” मुलगी आधी हसली, मग टीव्हीचा आवाज बंद करून अण्णांकडे वळून बसली. या गावाला राखणदार देव नाही, म्हणून हे सगळे भोग, असं अण्णांनी तिला पटवून दिलं. वर्षाला एक कोंबडा दिला असता तर त्या डॉक्टरला एवढा खटाटोप करावा लागला नसता. रक्त दिसलं तेव्हा ती म्हणाली, हे तर नेलपॉलिश आहे. अण्णा म्हणाले, “आमच्या टायमाला लय भारी वाटायचा.”

मग दर शुक्रवारी हे ठरून गेलं. लबान, चिप्स आणि खोत. चौथ्या-पाचव्या पिक्चरला मुलीच्या लक्षात आलं की जिना तोच आहे. खांब रंगवलेत, पडदे बदललेत, पण मागच्या पिक्चरात खोत ज्या जिन्यावरून उतरला त्याच जिन्यावरून आता दुसरीच कुणी बाई किंचाळत पळते आहे. जंगलही तेच, तळंही तेच. तिला ती फसवणूक वाटली.

अण्णा म्हणाले, “डेपोत गाडी तीच असते गो बाय. नुसती पाटी बदलायची. काल रत्नागिरी, आज कोल्हापूर. गाडी तीच हाय म्हणून माणसं पोचत नाय काय?”

“दॅट इज अ गुड पॉइंट, आजोबा,” ती म्हणाली. आणि पुढच्याच वाक्यात, अडखळत, “पण मला नवीन जिना पायजे.” तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य ऐकून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. अण्णा तिच्याशी इतकं बोलत होते आणि माझ्याशी नुसतं जेवणाखाणापुरतं.

त्यांच्या जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर बसले. माझ्या आयुष्यात त्यातला एकही पिक्चर मी पुरता पाहिलेला नव्हता. मला वाटायचं, मला ते सगळे पाठ आहेत. पण गोष्ट पुढे जात राहिली, आणि जिथे कोंबडा आरवायला हवा तिथे आरवलाच नाही. कोंबडा नव्हताच. डॉक्टर गावातल्या एका तरण्या मुलीला वाचवू शकला नाही. ती मेली, तिला पुरलं, आणि मग त्याने तिच्या भावाला बरोबर घेऊन तळघरात जाऊन तिची शवपेटी उघडली. तीही आता भूत झाली होती, आणि डॉक्टरच्या हातात तिच्या छातीत ठोकायला लाकडी खुंटा आणि हातोडा होता. पुढे काय करायचं ते भावाला ठाऊक होतं. मी अण्णांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट ते इथवर आणून तोडायचे.

पेटीत ती मुलगी झोपलेली होती. पांढरे कपडे, गुलाबी गाल, ओठ किंचित उघडे.

“शी इज सो प्रिटी,” माझी मुलगी म्हणाली.

“तसा नसता,” अण्णा म्हणाले.

ते टीव्हीकडे बघत नव्हते. मुलीने पिक्चर थांबवला. पेटीतली बाई तशीच पडद्यावर राहिली.

“काय नसतं, अण्णा?” मी विचारलं. हा माझा नेमका प्रश्न नव्हता, पण आवाज माझा मलाच परका वाटला. त्यांना कळलं मी काय विचारते आहे.

“मी थांबलो व्हतो,” ते म्हणाले. “तू थांबा म्हणालीस, मी थांबलो व्हतो. डेपोतल्या दोघांना टेम्पो देऊन बंदरावर धाडला. मासळीच्या बर्फाच्या लाद्या आणल्या, गोणपाटात गुंडाळून. तुझ्या आईला त्यावर ठेवली. ओटीभर पाणी झाला. लाइट सकाळपासून गेलेली. दुपारी अजून लाद्या आणल्या. मी पदरानं तिचा तोंड पुसत बसलो. उन्हं कलली तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितला. आणि इचार केला, पोर उद्या येल ती हा बघायला येल? मग जल्मभर हाच बघत बसंल. मी उठलो नि म्हटला, चला.”

“मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तिचा तोंड कसा झाला ता सांगू?”

मी रडले. पोरीसमोर, टीव्हीसमोर, तोंडात चिप्स असताना. दोन वर्षं मी ज्या रागावर पोसले होते त्याच्या खाली बर्फाच्या लाद्या होत्या, आणि त्या वितळेपर्यंत हा म्हातारा माझ्यासाठी थांबला होता. नंतर माझ्या नजरेतला राग त्याने दोन वर्षं सोसला, कारण उत्तर द्यायचं तर ते तोंड मला दाखवावं लागलं असतं. मुलगी उठून आजोबांच्या पलीकडे जाऊन बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. तिला किती कळलं कोण जाणे.

दोन दिवसांनी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. गाडी मुलीचा बाबा चालवत होता, अण्णा पुढे, कारण ड्रायव्हरला मागे बसवत नाही. बॅग पुन्हा तपासायची म्हणून आम्ही लवकर पोचलो आणि थोडा वेळ बाकावर बसलो. मला अजूनही एक गोष्ट हवी होती. राग गेला होता, पण जागा रिकामी होती. आईचं शेवटचं काहीतरी मला हवं होतं, आणि ते फक्त त्यांच्याकडे होतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “आई कशी दिसत होती? सगळं सांगा. मी आता मोठी आहे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बाकावर मांडी घालून बसले, ओटीवर बसत तसे.

“सकाळी बायांनी तिला न्हाऊ घातली,” ते म्हणाले. “हिरवा पातळ नेसवला, तो तू आणलेला. मनगटभर हिरव्या बांगड्या. तिनं कधी घातल्या नव्हत्या एवढ्या, कामात अडतात म्हणून. कपाळभर कुंकू. अबोलीचा गजरा शेजारणीनं केला. मी बघितला नि म्हटला, आता उठंल आणि बोलंल, एवढा कुंकू कुणी लावला गो? तशी दिसत व्हती. हसल्यासारी.”

ते क्षणभर थांबले. त्यांच्या विमानाची घोषणा झाली. मी वाट पाहत होते.

“आणि तेवढ्यात,” अण्णा म्हणाले, “कोंबडा आरवला.”

मी पुढचं विचारलं नाही. त्यांची बॅग उचलली आणि त्यांना आत सोडलं.