मांडवाखालचा बायपास

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि मी कठड्याला टेकून दर्यावर्दी असल्यासारखा चेहरा केला. तो बुचर बेटापर्यंत टिकला. पुढचा प्रवास डोळे मिटून केल्यामुळे त्या भागाचं वर्णन वाचकांनी दुसऱ्या कुणाकडून घ्यावं.

पलीकडे मोरा बंदरावर माझा मेहुणा वसंता जीप घेऊन उभा होता. वसंता इंजिनिअर. उरणकडे नवं बंदर उभं राहत होतं, त्याच्या भरावाचा दगड वाहणारे डंपर एका गावाच्या ऐन गल्लीतून जात. त्या गावाला वळसा घालणारा रस्ता वसंतानं बांधला होता आणि त्याच संध्याकाळी पहिले डंपर त्यावरून सोडायचे होते.

"भावजी, रस्ता बघून खूश व्हाल," तो वाटेत सांगत राहिला. दोन्ही बाजूंना मिठागरं होती, मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यामागे खाडी. जीप वळली आणि रस्ता दिसला.

त्याच्यावर मांडव होता.

कडेच्या मुरुमात खांब, वर कापड, आंब्याचे टहाळे, लाउडस्पीकर. कोऱ्या डांबरावर बसून बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

"हे काय आहे?" वसंताचा आवाज चिरकला.

"हलद हाय, सायेब. माजे धाकटीची," हसुराम म्हणाला. तो मुलीचा बाप. "बरा केलात रस्ता बांदलात. असा सपाट जागा गावान नव्हता."

"अहो, रस्ता डंपरसाठी आहे!"

"डंपरचा नाव नका काडू."

शेजारच्या म्हाताऱ्यानं मला कारण सांगितलं. थोरलीच्या हळदीला मांडव गल्लीत होता. डंपर घुसला आणि अर्धा मांडव टपावर घेऊन गेला. "पोरीच्या आदी मांडवच सासरी गेला," म्हातारा खिदळला. हसुराम हसला नाही.

"या पोरीच्या मांडवाला कोन हात लावल तं मी हाय आनि तो हाय," तो म्हणाला.

वसंता नरमला. "बरं, जरा शेतात सरकवा."

तेव्हा धवलारीण (लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी बाई) उठली. "मेढ (मांडवाचा पहिला खांब) गायलेली हाय. लगीन लागंपरत ती हलत नाय."

"आजी, हा सरकारी रस्ता आहे."

"मंग सरकारला पन जेवाला बोलव."

मी तेवढ्यात पंगतीत बसलो होतो, सरकारतर्फे म्हणा. मटणाचा रस्सा असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. वसंताला वाटलं, मी त्याच्यासाठी रडतोय. उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या पँटचा बराचसा भाग डांबराला चिकटून सरकारजमा झाला होता.

इतक्यात डंपर आले. एकामागे एक उभे राहून भोंगे वाजवू लागले. हसुराम मेढीला पाठ लावून उभा राहिला, हळदीनं माखलेली पोर त्याच्या मागे. लाउडस्पीकर थांबला. वसंता दोघांच्या मधे, कुणाला थांबवावं ते न कळून.

पहिल्या डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं मांडव पाहिला, पोर पाहिली, मग मागे वळून गावाकडे पाहिलं.

"साहब, पूरा गाँव इधर है?"

"हो."

"तो फिर गली तो खाली पड़ी है."

मागचे डंपर हटवून त्यानं आपला मागे घेतला आणि तो गल्लीतून निघाला. बाकीचे त्याच्यामागून. गल्लीत ना माणूस, ना खाट, ना कोंबडी. कोंबड्या बऱ्याचशा पातेल्यातच होत्या. एकही भोंगा वाजला नाही. हसुरामनं मेढ सोडली आणि वसंताच्या दोन्ही गालांना हळद फासली.

दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात लग्न लागलं आणि मग मी मोऱ्याला निघालो. वसंताच्या कानामागे अजून पिवळं होतं.

"वरच्यांना काय सांगणार?" मी विचारलं.

"वाहतूक सुरळीत सुरू झाली. खोटं आहे का?"

लाँचमधे मी, उसन्या लुंगीत, त्यावर विचार करत बसलो. नकाशात ठरलं होतं त्याप्रमाणे गाव आणि डंपर वेगळे झाले होते. वळसा तेवढा गावानं घातला, पातेली डोक्यावर घेऊन.