वाढत्या अंगाचं माप

माणगावच्या बाजारात मी शाळेचे गणवेश शिवते. पोरांचं माप घ्यायचं ते वाढतं अंग धरून, हे मला सासूनं शिकवलं. म्हणून फ्रॉक थोडा सैल, आणि खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं. जून आला की बायका तोच फ्रॉक घेऊन येतात. मी दुमड उसवते, फ्रॉक लांब होतो, आणखी एक वर्ष निघतं.

माझ्या मुलीला कमी ऐकू येतं. ठार बहिरी नाही ती; एसटीचा हॉर्न तिला कळतो, माझं बोलणं कळत नाही. ती पहिलीत असताना तालुक्याला तपासणीचं शिबिर लागलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कानाला मशीन लवकर लावा. आत्ता ऐकलं तर बोलायला शिकेल. पुढे अवघड जाईल." तेव्हा ती मला "आय" म्हणायची. माझ्या ओठांकडे बघून बघून तेवढं एकच शिकली होती. मला तेवढंही खूप वाटायचं.

मशीन कानात बसायला कानाच्या मापाचा साचा लागतो, तोच कानात राहतो. मापासाठी तिथल्या माणसानं तिच्या कानात गुलाबी लगदा भरला. मी आपली सवयीनं बोलून गेले, "दादा, जरा सैल घ्या. वाढतं अंग हाय."

तो हसला. "ताई, हा काय फ्रॉक न्हाय. सैल झालं तर मशीन शिट्टी मारतं. घट्टच लागतं."

मीही हसले. मशीन लवकरच येईल म्हणाले होते, तेवढ्यात कान असा कितीसा वाढणार?

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. सहा महिन्यांत झालं असतं तर मी तालुक्याच्या त्या ऑफिसात पेढे वाटले असते. कधी यादी वर गेलेली असायची, कधी साहेब बदललेले असायचे. शाळेत येऊन अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दर खेपेला नुसता कोपराला गूळ. नवरा ट्रकवर असतो. तो म्हणाला, बाहेरून विकत घेऊ. दुकानात किंमत विचारून आलो आणि त्या दिवशी दोघंही धड जेवलो नाही.

एकदा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "साहेब, या जूनला माप घेऊन मी पुढच्या जूनला गणवेश दिला, तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकील. माझ्या पोरीचं माप घेऊन तुम्ही बसलाय किती दिवस?"

"ताई, आमच्या हातात काय आहे? वरूनच आलं नाही." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. भला माणूस होता, त्याचाच मला जास्त राग आला. चहा तसाच ठेवून मी उठले आणि स्टँडवर येऊन रडले.

तोवर घरात एक गोष्ट झाली होती. माझा पदर ओढला की मी वळते, हे लेकीला उमगलं होतं. मग बोलायचं कशाला? तिचं "आय" कधी बंद झालं, ते मला सांगता येणार नाही.

मशीन आलं तेव्हा ती तिसरीत होती. शाळेत सगळ्यांसमोर कानात बसवलं, फोटो काढला. आणि ते शिट्टी मारायला लागलं. वर्गातली पोरं कानावर हात ठेवून हसली. तिला शिट्टी ऐकू येत नव्हती, हसणं तेवढं दिसत होतं. घरी येईपर्यंत ते दोनदा कानातून पडलं. मी ऑफिसात फोन केला तर म्हणाले, "कान वाढलाय तिचा. नवीन साचा घ्यावा लागेल. पुढचं शिबिर लागलं की कळवतो." भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

संध्याकाळी मी शिवायला बसले होते. ती आली आणि तो इवलासा साचा तिनं माझ्या हातावर ठेवला. मग खणातून माझी उसवायची कात्री काढली आणि तीही हातात दिली. पदर ओढला, कान माझ्याकडे केला आणि शेजारी बसून राहिली. गावभरच्या पोरींचे आखूड फ्रॉक मी मोठे करून देते, हे ती रोज बघत होती.

मी साचा उलटासुलटा करून बघितला. त्यात आत दुमडलेलं काहीच नव्हतं, आणि ते तिला कसं सांगायचं हे मला कळत नव्हतं.