न झोंबणारे औषध

जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे जाळे, असे मी शिरूरच्या फार्मसी कॉलेजात शिकवीत असे. भाजलेली जखम ओलसर राहिली पाहिजे. ती कोरडी पडली की पट्टीचे कापड तिला चिकटते आणि पट्टी सोडवताना नुकतीच आलेली कोवळी कातडी कापडाबरोबर निघते. भरत आलेली जखम आपणच पुन्हा उघडतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात हा धडा माझ्या थोरल्या बहिणीच्या हातावर आला.

अक्का दौंडला राहायची. पाटसजवळच्या एका गुऱ्हाळावर उकळता पाक तिच्या उजव्या हातावर सांडला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कोपराची जखम लवकर भरली पाहिजे. उशीर झाला तर कातडी आखडेल आणि हात वाकलेलाच राहील."

मी त्यांच्या परवानगीने कोरफडीच्या गराचा जेल करायला घेतला. गर लवकर नासतो, म्हणून तो टिकवणारे द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळवून घातले. ते तिला झोंबले, आणि अक्का खूश झाली.

"लागू पडतंय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"झोंबतंय की. न झोंबणारं औषध आन् न वरडणारा मास्तर, दोन्ही बिनकामाचं."

पण स्पिरिटमुळे तो जेल वाळत होता आणि पट्टी चिकटत होती. मी स्पिरिट काढून टाकले, टिकवणारे द्रव्य गरम पाण्यात विरघळवले. इसबगोलाची भुशी पाण्यात भिजवली, की तिचा बुळबुळीत लगदा पाणी सोडत नाही. त्यात गर मिसळून नवी बरणी भरली आणि रविवारच्या एसटीने स्वतः दौंडला नेऊन दिली. दर रविवारी मी जात असे. मधल्या दिवसांत अक्का डाव्या हाताने, दातांनी गाठ ओढून, स्वतःच पट्टी बदलत असे.

पुढच्या रविवारी पट्टी तशीच चिकटलेली होती. कापड ओले करून सोडवले तरी कोपरावरची कातडी त्याच्याबरोबर आली. अक्काने डोळे मिटून घेतले. मी शिरूरला परतलो, भुशी वाढवली, गर कमी केला. पुन्हा तेच. मग ग्लिसरीन घातले. पुन्हा तेच. प्रयोगशाळेत काचेवर पसरलेला जेल ओला राहत होता. तिच्या हातावर तो का वाळावा, याचे उत्तर मला सापडेना. कोपर मात्र दर आठवड्याला थोडे कमी उघडत होते.

एका रविवारी मी फळीवरची बरणी उचलली. ती जड लागली. झाकण उघडले, तर जेल काठोकाठ, बोटाचा ठसासुद्धा नाही. शेजारी पहिली, स्पिरिटची बरणी होती. तिच्यातला जेल तळाला गेला होता.

"अक्का, हे लावलंच नाहीस?"

"ह्यात दम न्हाई रे. नुसतं गार लागतं. गार लावून जखम भरली आसती, तर माठात हात घालून बसले आसते."

ज्या जेलला मी इतके आठवडे नापास ठरवत होतो, तो तिच्या हाताला लागलाच नव्हता. कॉलेजला सुट्टी होती. मी तिथेच राहिलो आणि भुशीची पहिली, ग्लिसरीन नसलेली कृती पुन्हा करून रोज स्वतः पट्टी केली. आता कापड सहज उचलले जाई, खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसे. अक्का म्हणे, "मास्तर, ह्याला औषध म्हंत्यात व्हय?" जखम भरली.

डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मी तिचे मनगट एका हाताने आणि दंड दुसऱ्या हाताने धरून हात सरळ करू लागलो. काटकोनाच्या जरा पुढे कातडी दोरीसारखी ताणली गेली आणि कोपर थांबले.

"आनखी दाब," ती म्हणाली.

मी दाबले. कोपर हलले नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय?"

"न्हाई."

मी हात सोडला.

"सोडलास कशाला?" ती म्हणाली.